अपंग मुलांची आई : मरहूमा फातिमा इस्माईल



आपल्या समाजातील कर्तबगार स्त्रियांची नावे सांगा असे कोणी म्हटले, तर तुम्ही बेगम हजरत महलचे नाव घ्याल, अली बंधूंच्या मातोश्री बी अम्मांचे नाव घ्याल, पुण्याच्या फातिमा शेख यांचेही घ्याल. परंतु मुंबईच्या आणखी एका फातिमाचे नाव आपल्यापैकी किती जणांच्या ओठांवर येईल? ज्या काळात लुळ्या पायाच्या मुलाला घराच्या कोपऱ्यात बसवून ठेवणे हीच रीत होती, त्या काळात या बाईंनी अशा मुलांना उभे केले, शिकवले आणि कामाला लावले. त्यांचे नाव मरहूमा फातिमा इस्माईल. त्यांचे चरित्र आज तुमच्यासमोर ठेवीत आहे. ज्यांच्या घरी असे एखादे मूल आहे त्या आईबापांनी ते वाचावेच. ज्यांच्या घरी नाही त्यांनीही वाचावे, कारण असे मूल त्यांच्या गल्लीत, त्यांच्या वर्गात नक्कीच आहे.

घराणे आणि संस्कार

फातिमाबाईंचा जन्म १९०३ सालचा, मुंबईतील सोबानी या धनिक घराण्यातला. त्यांचे बंधू उमर सोबानी हे कापड गिरणीचे मालक. पण केवळ पैसा मिळवण्यात ते रमले नाहीत. होमरूल चळवळीत त्यांनी भाग घेतला आणि पुढे महात्मा गांधींचे ते निष्ठावंत साथीदार झाले. ३१ जुलै १९२१ रोजी परळ येथे विदेशी कापडाची जी प्रचंड होळी झाली, ती याच उमर सोबानींच्या गिरणीच्या आवारात. कापडाचा धंदा करणाऱ्या माणसाने आपल्याच अंगणात कापडाची होळी होऊ द्यावी, याला केवढी छाती लागत असेल, याचा विचार तुम्हीच करा. पुढे कापसाच्या बाजारात उमर सोबानींना जबर तोटा आला, वैभव गेले आणि १९२६ साली ते अल्लाहला प्यारे झाले.

बहिणीने शिकावे अशी या भावाची इच्छा होती आणि फातिमाबाईंचा ओढा वैद्यकशास्त्राकडे होता. मात्र घरची स्थिती पालटली आणि डॉक्टर होण्याचे स्वप्न राहून गेले. पण ज्ञानाची तहान एकदा लागली की ती सहज विझत नाही. लग्नानंतर संसार सांभाळून त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या कामात उतरल्या. १९४२च्या आंदोलनात भूमिगत कार्यकर्त्यांना त्यांनी आसरा दिला. पकडले गेलो तर काय होईल हे ठाऊक असूनही दार उघडणारी ही बाई होती. पुढे त्यांच्या हातून जे कार्य घडले, त्याची तयारी अशा रीतीने आधीच झाली होती.

घरावर आलेले संकट

१९४५ च्या सुमारास त्यांच्या लहानग्या मुलीला ताप आला. ताप उतरला, पण पोलिओचा घाला पडून गेला होता. मुलीच्या अंगातले बळ गेले.

आजच्या विद्यार्थ्यांनी पोलिओचा रोगी बहुधा पाहिलेला नसेल, म्हणून थोडे सांगतो. या रोगाचे विषाणू दूषित पाण्यातून वा अन्नातून तोंडावाटे पोटात जातात. पुष्कळ मुलांना काहीच होत नाही. परंतु थोड्यांच्या बाबतीत ते मज्जारज्जूपर्यंत पोहोचतात आणि स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या पेशींचा नाश करतात. मग हातपाय लुळे पडतात. ध्यानात घ्या, स्पर्श कळत असतो, बुद्धी शाबूत असते. केवळ पाय उचलत नाही. त्या वेळी या रोगावर लसही नव्हती. पहिली लस आली ती १९५५ साली, अमेरिकेत. स्वतः अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट या रोगाने पांगळे झाले होते. यावरून हा रोग गरीब-श्रीमंत पाहत नसे, हे दिसून येईल.

आपल्याकडे तेव्हा अशा मुलांसाठी काय सोय होती? जवळजवळ काहीच नाही. अनेक डॉक्टर मान हलवीत आणि नातेवाईक नशिबाला बोल लावीत. फातिमाबाईंनी दोन्ही ऐकले नाही. मुलीला घेऊन त्या मद्रासला गेल्या. तेथे डॉ. किणी हे अस्थिरोगांचे नामांकित शल्यविशारद होते. त्यांच्याकडे त्यांनी उपचार घेतले. पुढे त्यांना कळले की पुण्याला लष्कराचे एक केंद्र आहे आणि महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना तेथे विशिष्ट व्यायाम देऊन पुन्हा चालते करतात. सैनिकांच्या केंद्रात एका लहान मुलीला कोण घेणार? पण या आईने परवानगी मिळवली. मुलीत सुधारणा दिसू लागली.

ही सुधारणा जादूने झाली नाही. मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. पण जे स्नायू थोडेफार वाचले आहेत त्यांना रोजच्या रोज काम दिले तर ते पुष्कळ भार उचलतात. यालाच भौतिकोपचार किंवा फिजिओथेरपी म्हणतात. फातिमाबाई नुसत्या बाहेर बाकावर बसून राहिल्या नाहीत. या उपचारांची माहिती त्यांनी करून घेतली. डॉक्टर होता आले नव्हते, पण विद्यार्थिनी होणे त्यांच्या हातात होते.

आपल्या मुलीपासून सर्वांच्या मुलांपर्यंत

येथवरची हकिकत एका जिद्दी आईची आहे, आणि अशा आया आपल्या समाजात आजही आहेत. फातिमाबाईंचे मोठेपण यापुढे सुरू होते. आपली मुलगी सुधारते आहे हे पाहून त्यांना समाधान वाटले असेलच. पण त्याचबरोबर मुंबईच्या चाळींतून, झोपड्यांतून पडून असलेल्या मुलांचा विचार त्यांच्या मनात आला. त्यांच्याजवळ ओळखी होत्या, प्रवासाला पैसा होता, बोलण्याचे धाडस होते. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नाही त्या आयांनी कुठे जावे?

मुंबईचे विख्यात शल्यविशारद आणि देशभक्त डॉ. ए. व्ही. बाळिगा यांच्याकडे त्यांनी जागा मागितली. स्वातंत्र्य मिळण्याच्या काही महिने आधी, १९४७ साली, चौपाटीजवळ त्यांच्या जागेत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू झाला. देशातील या प्रकारच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक होय. तो काळ कसा होता ते आठवा. देशाची फाळणी होत होती, माणसे माणसांवर उठली होती, आणि येथे एका मुसलमान बाईने मागितलेल्या आणि एका हिंदू डॉक्टरने दिलेल्या जागेत सर्व धर्मांची मुले चालायला शिकत होती!

मुलांची संख्या वाढली आणि जागा अपुरी पडू लागली. पुढे लष्कराच्या रिकाम्या बराकी मिळाल्या, तेथे काम हलले. ‘सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रेन’ ही संस्था उभी राहिली आणि हाजीअलीजवळ मुलांचे अस्थिरोग रुग्णालय झाले. आज त्याच ठिकाणी ‘एसआरसीसी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे मुलांचे मोठे रुग्णालय आहे. त्या आद्याक्षरांमागे एका आईची धडपड आहे, हे तेथून जाताना आठवण ठेवा.

पडायला शिकवणारी शाळा

अशा केंद्रात मुलांना काय शिकवतात? तुम्हाला वाटेल, चालायला. खरे आहे, पण त्याआधी बसायला शिकवतात. मग दोन समांतर दांड्यांना धरून उभे राहायला. मग पायाला कॅलिपर म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार बांधून एकेक पाऊल टाकायला. आणि आश्चर्य वाटेल, पण पडायलाही शिकवतात! कॅलिपर बांधलेले मूल कधी ना कधी पडणारच. तेव्हा डोके वाचवून कसे पडावे, हात कसे टेकावेत आणि कोणाची वाट न पाहता पुन्हा कसे उठावे, याचा सराव करून घेतात. जे मूल पडून उठू शकते तेच रस्त्यावर एकटे जाऊ शकते.

पायांबरोबर रोजच्या व्यवहाराचेही शिक्षण लागते : सदऱ्याची बटणे लावणे, ताटातले जेवण स्वतः घेणे, जिना चढणे, संडासाला जाणे, बसमध्ये शिरणे. या शिक्षणाचे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार. मुंबईत त्याचा पाया घातला तो अमेरिकेत जन्मलेल्या आणि निंबकरांच्या सून होऊन महाराष्ट्राच्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी. १९५० साली केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली. एकाच शहरात, एकाच सुमारास, दोन निरनिराळ्या घरांतल्या या दोन स्त्रियांचे प्रयत्न एकाच दिशेने चालले होते. अपंग मुलाला आपली कामे आपण करता आली पाहिजेत, हा दोघींचाही हेतू.

पाय, पाटी आणि पोट

फातिमाबाईंच्या कार्यात तीन पायऱ्या दिसतात. पहिली पायाची. उपचार झाले, मूल उभे राहिले. परंतु उपचार महिनोन् महिने चालत आणि तेवढ्यात शाळा बुडे. शिवाय अनेक शाळा अशा मुलाला घ्यायला नाखूष असत. म्हणून दुसरी पायरी पाटीची. उपचारांबरोबर मुलांच्या शिक्षणाकडेही संस्थेने लक्ष दिले. तिसरी पायरी पोटाची. शिकलेला मुलगा मोठा झाला, आता त्याला नोकरी कोण देणार? १९५०च्या दशकात फातिमाबाईंच्या पुढाकाराने ‘फेलोशिप ऑफ द फिजिकली हँडिकॅप्ड’ ही संस्था निघाली. तिच्या हाजीअली येथील कार्यशाळेत अपंग माणसे हातातले कसब शिकू लागली आणि कष्टाचा पैसा मिळवू लागली.

हाजीअली हे ठिकाण तुम्हा सर्वांच्या परिचयाचे आहे. ओहोटीच्या वेळी समुद्रातल्या वाटेने तुम्ही दर्ग्यावर गेला असाल. त्या वाटेच्या कडेला बसलेली अपंग माणसे तुम्ही पाहिली असतील आणि त्यांच्या पुढ्यात दोन नाणी टाकलीही असतील. सदका देणे हे पुण्यच आहे. पण त्याच किनाऱ्याच्या अलीकडच्या बाजूला, रस्त्याला लागून, फातिमाबाईंनी तशाच माणसांच्या हाती हत्यार दिले. पुढे पसरलेला हात आणि कामात गुंतलेला हात, दोन्ही एकाच परिसरात दिसावेत हा केवळ योगायोग असेल. पण विचार करणाऱ्याला त्यात मोठा धडा आहे. नाणे दिल्याने एक वेळ भागते. कसब दिल्याने जन्म निघतो.

सन्मान आणि अखेर

देशाने या कार्याची दखल घेतली. १९५८ साली भारत सरकारने फातिमाबाईंना पद्मश्री किताब दिला. १९७८ साली राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली आणि १९८४ पर्यंत त्या सभासद होत्या. मधल्या काळात, १९८१ हे वर्ष साऱ्या जगाने आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले. ज्या प्रश्नासाठी त्यांनी पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी एकटीने दारे ठोठावली होती, तो प्रश्न आता जगाच्या चव्हाट्यावर आला होता. १९८७ साली त्या पैगंबरवासी झाल्या.

त्यांच्या पश्चात आठ वर्षांनी, १९९५ साली, देशात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. देशातील पोलिओचा अखेरचा रोगी जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. ज्या रोगाशी त्या झगडल्या तो आपल्या देशातून गेला. मग त्यांचे कार्य संपले काय?

आजचे मूल कोणते?

पालकहो, मुळीच संपले नाही. पोलिओ गेला, पण सेरेब्रल पाल्सीचे मूल आहे, डाऊन सिंड्रोमचे मूल आहे, स्वमग्न मूल आहे, ज्याची समज वयाच्या मानाने मागे आहे असे मूल आहे. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मानले असून सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. परंतु कायदा घरातल्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तेथे आईबापांनाच पोहोचावे लागते.

पोलिओचे मूल आणि बुद्धीने मागे असलेले मूल यांत मोठा फरक आहे. पहिल्याला एकदा सांगितले की कळते, पण शरीर साथ देत नाही. दुसऱ्याचे शरीर बहुधा साथ देते, पण एकदा सांगून भागत नाही; आणि एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी आपोआप वापरता येत नाही. वर्गात कागदी नोटांनी हिशेब करणारा मुलगा वाण्याच्या दुकानात गोंधळतो. म्हणून त्याची अर्धी शाळा दुकानात, बसथांब्यावर, बाजारात आणि मशिदीतच भरली पाहिजे.

एक उदाहरण देतो. वुजू तुम्हा सर्वांना येते. आधी हात, मग चूळ, मग नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून मसह आणि शेवटी पाय. क्रम ठरलेला, दिवसातून पाच वेळा, तोच नळ, तेच पाणी. मंदगतीने शिकणाऱ्या मुलाला यापेक्षा चांगला धडा कोणता? सर्व क्रिया एकदम शिकवू नका. पहिल्या सर्व क्रिया तुम्ही हाताला हात लावून करून घ्या आणि फक्त शेवटचे पाय धुणे त्याच्यावर सोडा. ते जमले की मसहही सोडा. असे शेवटाकडून मागे मागे या. प्रत्येक वेळी काम पुरे करण्याचा आनंद मुलाला मिळतो आणि काही महिन्यांत तो सबंध वुजू एकटा करू लागतो. आंघोळ, कपडे, चहा करणे, गादी घडी करणे, सारे याच रीतीने शिकवता येते.

दुकानाचेही तसेच. मुलाला रोज एकाच दुकानात, एकच वस्तू आणायला न्या. पहिले आठ दिवस बरोबर उभे राहा. मग दोन पावले मागे राहा. मग कोपऱ्यावर थांबा. दुकानदाराला आधी सांगून ठेवा की घाई करू नये, त्याच्या वतीने बोलू नये आणि सुटे पैसे त्याच्याच हातात द्यावेत. पुढे बसचा प्रवास : आधी एक थांबा, मग दोन. नवी मुंबईचे रस्ते रुंद आहेत, सेक्टरांना क्रमांक आहेत. जुन्या शहराच्या गल्ल्यांपेक्षा येथे वाट शिकवणे सोपे. खिशात घरचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मात्र असावी.

मदतीसाठी फातिमाबाईंसारखे मद्रास गाठण्याची गरज आता नाही. वाशीला नवी मुंबई महानगरपालिकेचे ‘ईटीसी’ हे दिव्यांगांसाठीचे शिक्षण व प्रशिक्षण केंद्र २००७ पासून चालू आहे. खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. तळोजे, पनवेल, बेलापूर, तुर्भे, कोठेही राहत असलात तरी ही ठिकाणे दूर नाहीत. दूर असते ते घराच्या उंबरठ्यापासून रस्त्यापर्यंतचे अंतर, कारण तेथे लोक काय म्हणतील हा प्रश्न आडवा येतो.

त्या लोकांना आपल्या इतिहासातली एक गोष्ट सांगा. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्म मकतूम हे अंध सहाबी. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी त्यांना घरी बसवून खैरात पाठवली नाही. हजरत बिलाल यांच्याबरोबर अजान देण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि रसूलुल्लाह मदिनेबाहेर जात तेव्हा एकापेक्षा अधिक वेळा मदिनेतील व्यवस्था त्यांच्यावर सोपवली गेली. ज्या उम्मतीच्या आरंभीच हे घडले, त्या उम्मतीत एखादे मूल समाजाला लाज वाटते म्हणून मशिदीत, लग्नात वा शाळेत नेले जाऊ नये, हे शोभत नाही.

आणि प्रेमाबद्दलही एक शब्द. अशा मुलाला आपण फार जपतो. त्याची बटणे आपण लावतो, घास आपण भरवतो, त्याच्या वतीने उत्तर आपणच देतो. मूल सहा वर्षांचे असते तोवर हे गोड दिसते. ते तीस वर्षांचे होईल तेव्हा आपले हात थरथरत असतील, आणि एक दिवस आपण नसूही. त्या दिवशी त्याच्या कामी येईल ते आपण त्याला शिकवलेले. म्हणून लावायला उशीर झाला तरी बटण त्यालाच लावू द्या. चहा सांडला तरी पुन्हा त्यालाच ओतू द्या.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याही वाट्याला यातले काम आहे. तुमच्या गल्लीतील अशा मुलाला खेळात घ्या, पंच म्हणून का होईना. त्याला दुकानापर्यंत सोबत करा. कोणी त्याला वेडा म्हणून हाक मारली तर तुम्ही त्याचे नाव घेऊन हाक मारा. आणि तुमच्यापैकी कोणाला भौतिकोपचार, व्यवसायोपचार किंवा विशेष शिक्षण यांचा अभ्यास करावासा वाटला तर जरूर करा. डॉक्टर-इंजिनियर होण्याइतकेच ते मोलाचे आहे, आणि आपल्या समाजाला अशा तरुणांची आज फार निकड आहे.

फातिमाबाईंनी एका मुलीच्या पायापासून सुरुवात केली. आपण एका मुलाच्या बटणापासून करू. अल्लाह तआला मरहूमांना जन्नत नसीब करो आणि आपल्या घराघरांतील अशा मुलांना स्वतःच्या पायांवर उभे करण्याची तौफीक आपल्याला देवो. आमीन.